लग्न ठरलं? मग कार्यालय बघायला निघायच्या आधी हे वाचा

सुपारी फुटली की दुसऱ्याच दिवशी घरातलं कोणीतरी गाडी काढतं आणि कार्यालयं बघायला निघतं. माणसं किती येणार माहीत नाही, खर्च कोण किती उचलणार बोललेलं नाही, तारीख पक्की नाही, तरी एखादं लॉन आवडतं आणि "दुसरी पार्टी पण विचारतेय" एवढं ऐकून टोकन देऊन येतात. पुढचे चार महिने मग त्या टोकनभोवती सगळं फिरवायचं.

ओळखीपाळखीतल्या बऱ्याच लग्नांत हिशोबाची वही माझ्याकडे असते. शेवटच्या आठवड्यात जी भांडणं होतात ना, ती बहुतेक पहिल्या महिन्यात न बोललेल्या गोष्टींवरूनच होतात. म्हणून इथे फक्त पहिल्या महिना-दीड महिन्याचं सांगतेय. बस्ता, रुखवत, मेहंदी, डेकोरेशन यातलं काही नाही, त्याला वेळ आहे. क्रम असा ठेवा: आधी तुम्ही दोघं, मग पैसे, मग माणसं, मग याद्या (म्हणजे दोन्ही घरांनी बसून खर्च आणि देणंघेणं कागदावर लिहायची बैठक), मग तारीख, मग कार्यालय, मग जेवण. कागदपत्रांचं काम या सगळ्याच्या बाजूने चालू राहतं. क्रम उलटा केला की प्रत्येक ठिकाणी अंदाजाने आकडा सांगावा लागतो आणि तो अंदाज चुकला की पैसे आपलेच जातात.

## १. आधी दोघंच बसा

आई-बाबांना न घेता, तास-दोन तास. विषय चारच आहेत पण स्पष्ट बोला:

- लग्न कसं हवंय. दोनशे माणसांत की सगळ्या गावाला बोलवून? वैदिक, सत्यशोधक, रजिस्टर, की रजिस्टर करून नंतर रिसेप्शन?
- कुठल्या गोष्टीवर अजिबात माघार घेणार नाही. प्रत्येकाने दोनच सांगायच्या, दहा नाही.
- स्वतःच्या सेव्हिंगमधून किती घालणार.
- घरच्यांना कुठली गोष्ट कोण सांगणार. तुमच्या घरी तुम्ही सांगायचं, त्यांच्या घरी त्यांनी. होणाऱ्या सुनेने सासूबाईंना "एवढी माणसं नकोत" सांगायला गेलं की तो विषय माणसांचा राहतच नाही.

आंतरधर्मीय लग्न असेल तर पहिल्याच बैठकीत सगळ्यात खालचा कागदपत्रांचा मुद्दा वाचून घ्या, कारण तुमची तारीख तिथून ठरणार आहे.

चेक: दोघांच्याही मोबाईलमध्ये या बोलण्याची एकच नोट सेव्ह आहे का? आठवणीवर सोडू नका, दोन महिन्यांनी दोघांना वेगवेगळं आठवतं.

## २. पैशांचा आकडा, म्हणजे जास्तीत जास्त किती

बजेट काढताना लोक खर्चाची यादी करतात आणि बेरीज मारतात. उलटं करा. आधी हातात किती आहेत ते बघा, दोन्ही घरचं मिळून. एफडी मोडणार का, पीएफमधून काढणार का, कर्ज घेणार का हे मोठ्यांना थेट विचारा. अवघड जातं विचारायला, पण "तू काळजी करू नको, आम्ही बघतो" या उत्तरावर थांबू नका, कारण त्या वाक्यामागे कधीकधी सोसायटीचं कर्ज असतं आणि ते तुम्हाला लग्नानंतर कळतं.

मिळालेल्या आकड्यातला दहावा भाग बाजूला काढून ठेवायचा आणि त्याला हात लावायचा नाही. उरलेल्यात लग्न बसवायचं. सोन्याचा रकाना पूर्ण वेगळा ठेवा, कारण भाव रोज बदलतो आणि मंगळसूत्राचा खर्च जेवणाच्या खर्चात मिसळला की कशाचाच पत्ता लागत नाही.

जेवणाचा हिशोब कसा फुगतो ते एकदा नीट बघा. आकडे फक्त समजायला घेतलेत, तुमच्याकडचे रेट वेगळे असतील. समजा लग्नाला ४०० माणसं आणि ताट ४५० रुपये, म्हणजे १,८०,००० झाले आणि घरातले सगळे हाच आकडा धरून बसतात. पण आदल्या रात्री सीमांत पूजनाला मुक्कामी १२० माणसं जेवणार, ३५० ने ४२,०००. सकाळी चहा-नाश्ता १५० जणांना, १२० ने १८,०००. बँडवाले, फोटोवाले, ड्रायव्हर, मेकअपवाली आणि तिची मदतनीस यांची ३० ताटं, १३,५००. एकूण २,५३,५००. कोणीही ऐनवेळी आलेलं नाही, कोणी जास्त खाल्लेलं नाही, तरी पाऊण लाखाच्या घरात फरक पडला.

थांबा: रोखीने मोठी रक्कम द्यायचा विचार असेल तर लक्षात ठेवा, आयकर कायद्याप्रमाणे एकाच प्रसंगासाठी एका व्यक्तीकडून २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. तुकडे करून दिलं तरी प्रसंग एकच धरतात. कार्यालय, केटरर, सोनार सगळ्यांना हे माहीत असतं, तरी "कॅश दिली तर कमी करतो" असं म्हणणारे भेटतात. ट्रान्सफर करा आणि पावती घ्या, पुढे काही वाद झाला तर तेवढाच पुरावा असतो.

## ३. माणसांची यादी, कुटुंबांची नाही

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. बहुतेक घरांत यादी अशी होते: "नाशिकचे काका, पुण्याची आत्या, ऑफिस, सोसायटी, गावकडचे." ही यादी नाही. नाशिकचे काका म्हणजे किती? काका-काकू, मुलगा-सून, दोन नातवंडं आणि काकांचे व्याही येणार असतील तर आठ. "ऑफिस" म्हणजे नक्की कोण?

शीटमध्ये एका ओळीत एक कुटुंब घ्या आणि पुढे रकाने करा: कोणाकडचे, एकूण माणसं, आदल्या दिवशी मुक्कामी येणार का, हळदीला, लग्नाला, पत्रिका हातात द्यायची की व्हॉट्सअॅपवर. मुक्कामाचा रकाना कोणी करत नाही आणि खोल्या, गाद्या, रात्रीचं जेवण, सकाळचं गरम पाणी सगळं त्याच्यावरच अवलंबून असतं.

गावाकडचं आमंत्रण असेल तर चूलबंद की घरटी एक हे आत्ताच ठरवा. चूलबंद म्हणजे त्या घरात त्या दिवशी चूल पेटणार नाही, लहानमोठे सगळे जेवायला येणार. साठ घरांना चूलबंद आणि साठ घरांना घरटी एक, यात दोन-अडीचशे ताटांचा फरक सहज पडतो, आणि हे वडील किंवा चुलते सोडून घरात कोणाला माहीतच नसतं, त्यामुळे त्यांना शेजारी बसवूनच यादी लिहा. भावकीतलं कुठलं घर सुटलं तर काय होतं हेही त्यांनाच माहीत असतं.

यादी झाली की तीन गट पाडा. ज्यांच्याशिवाय लग्न लागणार नाही ते पहिल्या गटात, ज्यांना बोलवायचंच आहे ते दुसऱ्यात, आणि "बोलवायला पाहिजे" वाले तिसऱ्यात. बजेटमध्ये बसत नसेल तर कात्री तिसऱ्या गटाला, आणि दोन्ही बाजूंना सारखी. मुलाकडचे ३०० आणि मुलीकडचे १०० असं करून वर खर्च निम्मा-निम्मा म्हणायचं, हे मला तरी पटत नाही.

चेक: यादी दोन्ही घरांनी वेगवेगळी करून मग एकत्र केली का? दोन्हीकडे येणारी कॉमन नावं दोनदा मोजली गेलीत का?

## ४. याद्या

याद्या करायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे आणि माझं ठाम मत आहे की ती सोडू नये, फक्त नीट करावी. आजकाल "आमचं काही नाही हो, तुम्ही म्हणाल तसं" असं दोन्हीकडून म्हणतात, पोहे-चहा होतो आणि सगळे उठतात. कागदावर काही येत नाही. मग हळदीच्या दिवशी कळतं की विहीणबाईंना अकरा साड्यांची अपेक्षा होती आणि इकडे पाच आणल्यात.

बैठकीला तुम्ही दोघं, दोघांचे आई-वडील आणि दोन्हीकडून एकेक मामा किंवा काका, बस. पंधरा माणसं बसली की प्रत्येकजण आपापल्या घरच्या लग्नात काय झालं ते सांगतो. नवरा-नवरी नसताना याद्या करू नका, भले मोठ्यांना आवडो न आवडो.

कागदावर हे सगळं यायला हवं:

- कॉमन खर्च कुठला: कार्यालय, दुपारचं जेवण, गुरुजी, स्टेज, साऊंड. यात कोणाचा किती वाटा.
- आपापला खर्च कुठला: हळद, घरचं देवक आणि ग्रहमख, वरातीचा बँड, गोंधळ किंवा सत्यनारायण, आपापल्या पाहुण्यांच्या गाड्या.
- सीमांत पूजनाचं जेवण आणि सकाळचा नाश्ता कोणाकडे. हे नेहमी सुटतं.
- मानपान: करायचा की बंद. करायचा तर साड्या किती, टॉवेल-टोपी किती, कोणाकोणाला, नावांसकट.
- आहेर घ्यायचा का. घेणार नसाल तर पत्रिकेत छापा आणि मग खरंच घेऊ नका.
- कुठले विधी करायचे, कुठले नाही. कन्यादान, कानपिळी, पाय धुणं यावर मुलामुलीचं मत वेगळं असेल तर ते इथेच बोला, मांडवात नाही.

नुसतं "निम्मा-निम्मा" एवढंच लिहू नका. कशाचा निम्मा? एकूण बिलाचा की आपापल्या माणसांच्या ताटांचा? मुलाकडचे १५० आणि मुलीकडचे २५० आले तर दोन्ही हिशोबांत खूप फरक येतो. कॉमन खर्च निम्मा आणि ताटं आपापल्या यादीप्रमाणे, ही मला सगळ्यात कमी भांडणाची पद्धत वाटते.

थांबा: "आम्हाला हुंडा नको, फक्त लग्न चांगलं करून द्या." हे वाक्य बैठकीत आलं तर तिथेच विचारा, चांगलं म्हणजे काय, किती माणसांचं आणि पैसे कोणाचे. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यात हुंडा घेणं, देणं आणि नुसता मागणं, तिन्ही गुन्हे आहेत. गाडी, फ्लॅटचं डाउन पेमेंट, नवऱ्या मुलाला सोन्याची चेन, नावं बदलली तरी मागणी ती मागणीच. मुलीच्या वडिलांना अशा वेळी नाही म्हणता येत नाही, मान खाली घालून "बघू" म्हणतात, म्हणून बोलायचं काम मुलाने करावं, आणि त्याच बैठकीत करावं. तो गप्प बसला तर मुलीने त्याचाही विचार करावा, अजून तारीख ठरलेली नाही.

कागदाच्या दोन कॉपी, दोन्हींवर दोन्हीकडच्या सह्या, आणि फोटो काढून चौघा पालकांना पाठवून द्या.

## ५. तारीख एक नको, चार घ्या

गुरुजींकडे जाऊन एक मुहूर्त काढून आणतात आणि मग त्या एका तारखेसाठी गावभर कार्यालयं शोधत फिरतात. चार-पाच तारखा मागा, त्यात किमान दोन मधल्या वारच्या असू द्या. रविवारचं कार्यालय आणि बुधवारचं कार्यालय यांच्या भाड्यात बऱ्याच ठिकाणी फरक असतो आणि बुधवारी केटररही जागेवर असतो, एका दिवशी तीन ऑर्डर घेऊन पळत नसतो.

मुहूर्त बघत असाल तर एवढं माहीत असू द्या: आषाढी एकादशी ते कार्तिकी एकादशी चातुर्मास, मुख्य मुहूर्त तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात. पौषात बरेचजण करत नाहीत. गुरू किंवा शुक्राचा अस्त असेल तो काळ वगळतात. अधिक महिनाही वगळतात, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून असा आलाय, म्हणजे ऐन सुट्टीतला महिना गेला आणि उरलेल्या तारखांवर गर्दी. काढीव मुहूर्तावर, म्हणजे नेहमीच्या मुहूर्तांत नसलेला पण गुरुजींनी गरजेपुरता काढून दिलेला, घरचे तयार असतील तर तेही विचारून ठेवा.

मग या चार तारखा पुढच्या गोष्टींशी ताडून बघा. घरात कोणी दहावी-बारावीला आहे का, असेल तर फेब्रुवारी-मार्च सोडा. मे महिन्यात गावाला लग्न असेल तर पाण्याची सोय काय, टँकर लागेल का. परदेशातून कोणी येणार असेल तर रजा नक्की किती. आणि मुलीची पाळी. हा विषय घरात मोठ्याने कोणी बोलत नाही, मग शेवटच्या आठवड्यात गोळ्या घेण्यावर येतं. मुलीने आईला सांगावं, आईने तारीख ठरवताना लक्षात घ्यावं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. तारखेचा पक्का भरवसा नसला तरी निदान अंदाज घेता येतो, आणि गोळ्या घ्यायच्याच असतील तर डॉक्टरांना विचारायला वेळ मिळतो.

चेक: कॅलेंडरची तारीख आणि वार दोन्ही लिहिलेत का? नुसतं "वैशाख शुद्ध पंचमी" लिहून कार्यालयाला फोन करू नका. आणि मुहूर्ताची वेळ सकाळची, दुपारची की गोरज? जेवण आधी की नंतर हे त्यावर ठरतं.

## ६. आता कार्यालय

आता जा. हातात माणसांचा आकडा, पैशांचा आकडा आणि चार तारखा आहेत, त्यामुळे कोणी घाई लावली तरी तुम्ही घाईत येणार नाही. शक्य असेल तर कार्यालय रिकामं असताना एकदा आणि तिथे दुसऱ्याचं लग्न चालू असताना एकदा बघा, पार्किंगमध्ये गाड्या कशा लागतात आणि जेवणाच्या हॉलमध्ये कितपत चेंगराचेंगरी होते हे तेव्हाच कळतं.

टोकन द्यायच्या आधी विचारायचं आणि पावतीवर लिहून घ्यायचं:

1. ताबा कधी मिळणार आणि कधी सोडायचं. "एक दिवस" म्हणजे सकाळी ६ ते संध्याकाळी ५ की आदल्या संध्याकाळपासून? वरपक्ष आदल्या रात्री येणार असेल तर खोल्यांचं वेगळं भाडं लागतं का.
2. खोल्या किती, गाद्या किती, बाथरूम किती, गरम पाणी किती वाजेपर्यंत.
3. बाहेरचा केटरर चालतो का. चालत असेल तर त्याची रॉयल्टी किंवा किचन चार्ज किती. डेकोरेटर आणि साऊंडचंही हेच विचारा.
4. लाइट बिल भाड्यात की मीटरप्रमाणे, जनरेटरचं डिझेल कोणाचं.
5. जीएसटी धरून सांगताय की सोडून.
6. तारीख बदलावी लागली तर काय. घरात सुतक आलं, कोणी आजारी पडलं तर पैसे परत मिळणार, पुढच्या तारखेला वळते होणार, की बुडणार?
7. डिपॉझिट किती आणि कुठल्या कारणासाठी कापतात.

सहाव्या प्रश्नावर मालक "अहो, शुभकार्यात असं कशाला बोलायचं" म्हणतात. तरी विचारा. अपशकुनाच्या भीतीने न विचारल्यामुळे अख्खं भाडं गेलेली घरं आहेत.

ताबा घेताना मीटरच्या रीडिंगचा फोटो, खुर्च्या-भांडी मोजून घेतलेल्या कागदाचा फोटो, कुठे काही तुटलेलं असेल तर त्याचा फोटो. हे काम कोण करणार त्याचं नाव आत्ताच याद्यांच्या कागदावर खाली लिहून ठेवा, त्या दिवशी वधूपिता ते करणार नाही.

थांबा: संध्याकाळचं रिसेप्शन किंवा वरात असेल तर रात्री १० नंतर लाऊडस्पीकर, डीजे चालत नाही. वरात साडेनऊला निघाली तर दाराशी पोचेपर्यंत वाजवणं बंद करावं लागतं, तेव्हा वेळ आधीच मागे घ्या.

## ७. जेवण

केटररशी बोलताना मेन्यूच्या आधी गॅरंटीचा आकडा बोला. ४०० ची गॅरंटी दिली आणि ३३० जेवले तरी पैसे ४०० चेच जातात. म्हणून गॅरंटी तुमच्या अंदाजापेक्षा थोडी कमी द्या, आणि त्याच्यावर किती ताटं तो ऐनवेळी निभावून नेईल आणि कुठल्या रेटने हे लिहून घ्या. अंतिम आकडा कळवायची शेवटची तारीखही लिहा.

पंगत असेल तर वाढपी किती, बुफे असेल तर काउंटर किती हे विचारा, एकाच काउंटरवर ४०० माणसं उभी केली की आजी-आजोबांचे हाल होतात. ज्येष्ठांसाठी बसून जेवायची वीस-तीस पानं वेगळी सांगा. ताटं मोजायला दोन्हीकडून एकेक माणूस, जेवण सुरू व्हायच्या आधी आणि संपल्यावर, केटररच्या माणसासोबत.

टेस्टिंगला चवीने खाणारी दोन माणसं न्या. आठ जण नेलेत तर निर्णय होत नाही.

फोटोवाले, मेकअप, डेकोरेशन आत्ता फक्त तारीख अडवून ठेवा, छोटं टोकन आणि पावती. गुरुजींना मात्र लगेच पक्कं करा, त्याच मुहूर्ताला त्यांना अजून दोन घरची आमंत्रणं असू शकतात.

## ८. कागदपत्रं, पहिल्या दिवसापासून

लग्नानंतर बघू म्हणतात आणि मग व्हिसा, पासपोर्ट, बँकेत नाव लावणं सगळं अडकतं. आधी दोघांचे आधार, जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला, पासपोर्ट समोर ठेवून नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख जुळते का बघा. वडिलांच्या नावात एक अक्षर इकडेतिकडे असेल तर दुरुस्तीला आत्ता वेळ आहे. पत्रिका छापतानाही कागदावरचं पूर्ण नाव छापा, घरचं लाडाचं नाव हवं तर बाजूला, कारण नोंदणीला पत्रिका लावावी लागते.

विधीने लग्न करणार असाल तर महाराष्ट्रात नोंदणी 'नमुना ड' हा फॉर्म भरून होते, शहरात महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसला किंवा नगरपरिषदेत, गावात ग्रामपंचायतीत. लग्नापासून ९० दिवसांच्या आत करा. तीन साक्षीदार लागतात आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही.

आंतरधर्मीय लग्न किंवा कोर्ट मॅरेज असेल तर १९५४ चा विशेष विवाह कायदा लागतो आणि त्याचं गणित वेगळं आहे. नोटीस अशा जिल्ह्यात द्यायची जिथे दोघांपैकी एकजण नोटिशीच्या आधी किमान ३० दिवस राहिलेला आहे. नोटीस दिल्यावर ३० दिवस थांबायचं, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न करायचं, नाहीतर परत नोटीस. म्हणजे तीन आठवड्यांच्या रजेवर आलेल्या मुलाने उतरल्यावर नोटिशीचं बघू म्हटलं तर त्या रजेत लग्न होणारच नाही. रिसेप्शनची तारीख या हिशोबानंतरच पक्की करा.

नमुना डचा कोरा फॉर्म आधीच आणून भरून ठेवा, साक्षीदार तीन कोण ते ठरवा, त्यांच्या आधारच्या झेरॉक्स त्याच फाइलमध्ये घाला. लग्नाच्या दिवशी ही फाइल एखाद्या जबाबदार भावाकडे किंवा मामाकडे द्या आणि सप्तपदी झाली की दक्षिणा देतानाच गुरुजींची सही आणि त्यांच्या ओळखपत्राची झेरॉक्स घ्यायला सांगा. एकदा ते पुढच्या मुहूर्ताला निघाले की सहीसाठी दोन-तीन चकरा होतात.